पाळी कोणी थांबवली?

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची रविवारची बैठक संपली. सतरंज्या गोळा करताना एक सून मागे रेंगाळली. वय २४, लग्नाला तीन वर्षे झालेली, शिवणकामाच्या कारखान्यात पीसवर काम. हळूच म्हणाली, "ताई, चार महिने झाले, पाळीच नाही. दिवस गेले म्हणून घरात सगळे खूश झाले होते. तपासलं तर तेही नाही."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. नवऱ्याची कंपनी दिवाळीच्या तोंडावर बंद पडली. घरभाडे थकले. रोज रात्री घरात वादावादी. ही सकाळी उपाशी कामाला जाते आणि रात्री सगळ्यांची पाने उठल्यावर जे उरेल ते खाते. सहा महिन्यांत ७ किलो वजन उतरले, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

मी ऑफिसात अर्धी रजा टाकून तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. लघवी, रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी सगळे झाले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहेर रांग मरणाची. कागद चाळून त्या म्हणाल्या, "बाकी सगळं नॉर्मल आहे. हे डोक्यातून आहे. टेन्शन कमी करा, नीट जेवा." आणि त्यांनी पुढचा केसपेपर ओढला.

डॉक्टरीणबाई शंभर टक्के खरे बोलल्या. पण तो शब्द घरी पोचला तेव्हा त्याचा अर्थ पार बदलला. सासूबाई म्हणाल्या, "डोक्यातून म्हणजे? नाटकं आहेत हिची सगळी!" शेजारणीने तर देवऋषाचा पत्ता दिला. एका शब्दाने केवढा घोटाळा! म्हणून आजचे हे सदर त्या एका शब्दासाठी लिहिते आहे. "डोक्यातून" म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. डोक्यात मेंदू आहे, मेंदूत रसायने तयार होतात, आणि ती रसायने रक्तातून खाली जाऊन पाळी चालू ठेवतात किंवा थांबवतात. ते कसे, हे समजून घेण्यासाठी मी बरेच वाचले आणि ओळखीच्या डॉक्टरांना भरपूर पिडले. मी बी.कॉम. झालेली कारकून. शरीरशास्त्र आपल्याला काय झेपणार असे वाटत होते. पण वाचता वाचता लक्षात आले की हा कारभार पुष्कळसा आपल्या ऑफिससारखाच चालतो.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागच्या बाजूला बदामाएवढा एक भाग आहे. त्याचे नाव हायपोथॅलॅमस. भूक, तहान, झोप, शरीराची उष्णता ही सगळी खाती त्याच्याकडे. हे आपले मुख्यालय समजा. त्याच्याखाली देठाने लोंबणारी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी. शाळेच्या पुस्तकात तिला पीयूषिका म्हणत. हे विभागीय कार्यालय. आणि खाली ओटीपोटात बीजकोश, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी शाखा. पुरुषांत त्या जागी वृषण.

मुख्यालयातून एक रसायन निघते, जीएनआरएच नावाचे. ते पिट्यूटरीला पोचले की पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांच्या हुकमाने बीजकोशात बीज पिकते, फुटते, आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन तयार होतात. ती दोन पुन्हा रक्तातून वर मेंदूत जाऊन सांगतात की काम पोचले, आता जरा थांबा. आवक-जावक दोन्ही चोख. मधल्या एका टेबलावर कागद अडला की खालचे काम ठप्प, आणि शाखेत कितीही तपासणी केली तरी चूक सापडत नाही. या मुलीच्या सोनोग्राफीत म्हणूनच काही दिसले नाही. बीजकोश धडधाकट आहेत, त्यांना आदेशच येत नाही.

पिट्यूटरीला मेंदू हुकूम देतो ही गोष्ट एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पटत नव्हती. ब्रिटनच्या जेफ्री हॅरिस यांनी चिकाटीने दाखवून दिले की हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरी यांच्यामध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे आणि निरोप त्या रक्तातून जातो. १९५५ साली त्यांचे पुस्तक आले. पण निरोपाचे रसायन कोणते? ते शोधायला रॉजर गिलमन आणि अँड्र्यू शॅली हे दोघे अमेरिकेत वर्षानुवर्षे एकमेकांशी शर्यत लावून राबले. एकाने मेंढ्यांचे आणि दुसऱ्याने डुकरांचे लाखो हायपोथॅलॅमस कत्तलखान्यांतून गोळा केले. इतक्या ढिगातून हाती येई ते चिमूटभरही नसे. १९७१ मध्ये जीएनआरएचची रचना उलगडली. अवघ्या १० अमिनो आम्लांची साखळी! १९७७ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि रक्तातले संप्रेरक मोजण्याची पद्धत शोधणाऱ्या रोझलिन यॅलो बाईंना मिळून देण्यात आले. यॅलो बाईंची पद्धत नसती तर आज आपली थायरॉइडची साधी तपासणीसुद्धा अवघड झाली असती.

आता यातली खरी गंमत ऐका. जीएनआरएच हे रसायन नळासारखे सतत वाहत नाही. ते ठोके देत येते, साधारण तासा-दीड तासाने एक ठोका. अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत माकडिणींना हे रसायन बाहेरून दिले. तासाला एकदा दिले तर पिट्यूटरी व्यवस्थित काम करी. तेच रसायन अखंड धारेने दिले तर ती काम करायची थांबे! हा प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सायबाने तासाने एकदा विचारले तर काम होते, डोक्यावर येऊन बसला तर होत नाही, हा अनुभव कोणत्याही कारकुनाला नवा नाही. पण थट्टा सोडा. याच ज्ञानाचा उपयोग करून गर्भाशयाच्या गाठींवर आणि पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरवर सतत मात्रा देणारी इंजेक्शने आली, तर दुसरीकडे ठोक्याठोक्याने औषध देणारा छोटा पंप लावून पाळी बंद पडलेल्या स्त्रियांना मुले झाली.

हा ठोका देणाऱ्या पेशी मेंदूत फार नाहीत, काही हजारच. गर्भात त्या नाकाच्या भागात जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत येतात. त्यामुळे काही मुलांना जन्मापासून वास येत नाही आणि वयात येण्याची लक्षणेही दिसत नाहीत. त्या पेशींची वाट अर्ध्यावरच चुकलेली असते. या पेशींना कोण हलवते, ते पुढे कळले. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात एक जनुक सापडले होते. ते गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध, म्हणून शास्त्रज्ञांनी तिथल्या 'किस' नावाच्या चॉकलेटवरून त्याचे बारसे केले. त्यावरून बनणाऱ्या रसायनाला किसपेप्टिन म्हणतात. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना आढळले की किसपेप्टिनचा निरोप घेणारी यंत्रणा ज्यांच्यात जन्मतः बिघडलेली असते ती मुले वयातच येत नाहीत. म्हणजे ठोक्यांची किल्ली या किसपेप्टिनकडे.

आता दुसरी साखळी बघू, ताणाची. तीही त्याच हायपोथॅलॅमसमधून निघते. संकट दिसले की मेंदूतला अ‍ॅमिग्डाला हा भाग, जो भीतीचा पहारेकरी आहे, आरोळी ठोकतो. काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन उसळते, छाती धडधडते. त्याच्या मागोमाग हायपोथॅलॅमस सीआरएच सोडतो, पिट्यूटरी एसीटीएच सोडते, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. पंधरा-वीस मिनिटांत रक्तात ते चढलेले असते. कॉर्टिसॉल वाईट नाही बरे का! सकाळी उठताना आपल्या प्रत्येकाच्या अंगात ते चढते, म्हणूनच आपण उठतो. रक्तात साखर आणायची, शक्ती लढण्या-पळण्याकडे वळवायची हे त्याचे काम. काम झाले की मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मरणशक्तीचा भाग कॉर्टिसॉल ओळखतो आणि साखळीला लगाम घालायला मदत करतो. या भागात कॉर्टिसॉलच्या जातीचे संप्रेरक पकडणाऱ्या जागा आहेत, हे ब्रूस मॅकएवन यांनी १९६८ मध्ये उंदरांत दाखवले.

वाघ दिसला, पळालो, वाचलो, संपले. यंत्रणा बनली ती अशा संकटासाठी. घरभाडे मात्र महिन्याच्या महिन्याला दिसते आणि त्यापासून पळता येत नाही. मग पहारेकरी ओरडतच राहतो.

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये कॅनडातून एक छोटे पत्र प्रसिद्ध केले होते. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, जखमा केल्या, अति दमवले, निरनिराळी औषधे टोचली. त्रास वेगवेगळे, पण शरीरातले बदल एकसारखे. अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, पोटात व्रण. आणि त्याच पत्रात आणखी एक नोंद आहे. त्रास चालूच राहिला तर जननग्रंथी आक्रसतात आणि पाजणाऱ्या मादीचे दूध बंद होते. आपण ज्याला आज स्ट्रेस म्हणतो त्याच्या अभ्यासाच्या अगदी पहिल्या पानावर ही गोष्ट लिहिलेली आहे.

दोन साखळ्या एकाच मुख्यालयातून निघतात, तेव्हा एकीला जोर आला की दुसरीची फाईल मागे पडते. सीआरएचची रचना १९८१ मध्ये कळल्यावर प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि मेंदूत सीआरएच वाढले की जीएनआरएचचे ठोके मंदावतात हे दिसले. कॉर्टिसॉल वाढले की किसपेप्टिनही दबते. शिवाय २००० साली जपानमध्ये लावा पक्ष्यांच्या मेंदूत एक उलटे रसायन सापडले, जे पुनरुत्पादनाला ब्रेक लावते. तसेच रसायन उंदरांत आणि माणसांतही आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या माद्यांना बरेच दिवस ताणाखाली ठेवले. ताण संपला, त्यांचे ताणाचे संप्रेरक पूर्ववत झाले, तरी ब्रेकचे रसायन पुढच्या पूर्ण ऋतुचक्रात चढेच राहिले आणि पिल्ले कमी राहिली. ते जनुक तेवढे गप्प केले तर माद्या पुन्हा नेहमीसारख्या गाभण राहू लागल्या. म्हणून घरात दोन दिवस शांतता झाली आणि तरी पाळी आली नाही, तर "आता कुठे टेन्शन आहे हिला?" असे विचारू नये. प्रयोग उंदरांवरचा आहे हे खरे, पण शरीर लगेच विसरत नाही एवढे त्यावरून कळते.

शरीर असे का वागते? मला यात जमाखर्च दिसतो. गर्भ नऊ महिने वाढवणे आणि मग दूध पाजणे हा बाईच्या शरीराचा सर्वांत मोठा खर्च. तिजोरीत खडखडाट असताना मेंदू त्या खर्चाला मंजुरी देत नाही. तिजोरीत किती आहे हे त्याला चरबीतून येणाऱ्या लेप्टिन नावाच्या संप्रेरकावरून कळते. लेप्टिन १९९४ मध्ये सापडले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी हॉलंडच्या पश्चिम भागाचे अन्न तोडले. रोजचे रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेले. त्यानंतर नऊ महिन्यांनी त्या शहरांतली जन्मसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती, आणि ही घट मजूरवर्गात जास्त होती. हे भुकेचे उदाहरण. पण हाँगकाँगच्या स्टॅन्ली छावणीत जपान्यांनी कैदेत टाकलेल्या स्त्रियांबद्दल १९४६ मध्ये एका डॉक्टरबाईंनी लिहिले, की अनेकींची पाळी उपासमारीचा परिणाम दिसण्याआधीच, बाँबवर्षाव आणि कैदेच्या धक्क्यानेच थांबली होती.

भूक आणि धास्ती एकत्र आल्या की काय होते, याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटला. लांब शेपटीच्या मकाक माकडिणींना आपल्यासारखीच पाळी येते. त्यांचे खाणे थोडे कमी करून व्यायाम थोडा वाढवला, तर एखाददुसरीचीच पाळी बिघडली. नुसते पिंजरा बदलून अनोळखी माकडांशेजारी ठेवले, तरी तेवढेच. पण दोन्ही एकदम केले तेव्हा बहुतेकींची पाळी बिघडली. नवी जागा, कमी खाणे, जास्त काम. नव्या नवरीचे पहिले वर्ष डोळ्यांसमोर आले की नाही?

पुरुषांनी इथे वर्तमानपत्र मिटू नये. हीच साखळी त्यांच्यातही आहे. १९७२ मध्ये अमेरिकन सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षणातल्या तरुणांचे रक्त तपासले होते. सुरुवातीच्या कडक आणि अपमानाच्या दिवसांत त्यांचे टेस्टोस्टेरॉन घसरलेले आढळले. प्रशिक्षण संपत येऊन मन निर्धास्त झाल्यावर ते वर आले. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. तरी दवाखान्याच्या रांगेत बाई एकटीच उभी असते. वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि बिनदुखण्याची आहे, पण आमच्या बांधवांना तेवढ्याने कमीपणा येतो.

आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे. "टेन्शन घेतेस म्हणून मूल होत नाही" हा टोमणाही मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. आधी वांझ म्हणत, आता सुधारलेली माणसे असे म्हणतात. २०११ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून तीन हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली गेली. टेस्ट ट्यूब बेबीसारखे उपचार घेण्याआधी ज्या जास्त चिंतेत होत्या, त्यांना अपयश जास्त आले असे आढळले नाही. नैसर्गिकपणे दिवस राहण्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात ताणाची एक खूण लाळेत जास्त असलेल्यांना उशीर लागलेला दिसला, पण कॉर्टिसॉलचा संबंध मात्र दिसला नाही. तेव्हा मूल न होण्याचे खापर काळजीवर, म्हणजे पुन्हा बाईवरच, फोडू नका. गर्भनलिका बंद असणे, गर्भाशयाचा क्षय, पीसीओडी, थायरॉइड, पुरुषातला दोष अशी कितीतरी कारणे असतात आणि ती तपासूनच कळतात.

बाळंतिणीच्या दुधाचेही असेच. पान्हा हा शब्द आपल्या भाषेत किती नेमका आहे! दूध स्तनात तयार असते, पण ते फुटून यायला पिट्यूटरीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन यावे लागते. बाळ ओढू लागले, कधी नुसते रडले, तरी मेंदू ते सोडतो. अमेरिकेत १९४८ साली न्यूटन पतिपत्नींनी हे मोजून पाहिले, आणि प्रयोगातली आई स्वतः न्यूटनबाईच होत्या. शांतपणे पाजले तेव्हा बाळाला १६८ ग्रॅम दूध मिळाले. पाजताना पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, अंगठा पिरगळला, गणिते विचारून छळले, तेव्हा ९९ ग्रॅम. तसेच छळले पण ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा १५३ ग्रॅम. म्हणजे दूध आटले नव्हते, अडले होते. बाळंतिणीच्या खोलीत भांडण काढणाऱ्यांनी हे तीन आकडे पाठ करावेत.

आता उपाय काय? पाळी नियमित असलेल्या स्त्रीची सलग तीन महिने चुकली तर आधी गरोदरपणाची आणि मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे तपासणी करून घ्यावी. "कटकट गेली" म्हणून गप्प बसू नये. इस्ट्रोजेन फार दिवस कमी राहिले तर तरुणपणीच हाडे ठिसूळ होतात. नुसती गोळी घेऊन रक्तस्राव आणवला तर वरचे कार्यालय बंदच राहते. सारा बर्गा या डॉक्टरबाईंनी २००३ मध्ये अशा १६ स्त्रियांवर अभ्यास केला. त्यांतल्या आठ जणींशी समुपदेशकांनी २० आठवडे पद्धतशीर बोलणे केले. खाणे, काळजी, स्वतःकडून केलेल्या अवाजवी अपेक्षा, सगळ्यावर. त्या आठांपैकी सात जणींचे बीजकोश पुन्हा कामाला लागले. ज्यांच्याकडे नुसते लक्ष ठेवले त्या आठांपैकी दोघींचेच. अभ्यास लहान आहे, आणि त्या बायकांना घरभाड्याची चिंता कितपत होती कोण जाणे. पण गोळीशिवाय, बोलण्याने पाळी परत आली, एवढे त्यात आहे.

आमच्याकडे समुपदेशक कुठून आणायचा? मागच्या रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेले. कागदावर बदाम, वाटाणा आणि खाली बीजकोश अशी चित्रे काढून सासूबाईंना दाखवली. त्या गप्प ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ताई, माझी आई सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावरच्या कितीतरी बायांची पाळी गेली होती म्हणे, आणि अंगावर पिणाऱ्या लेकरांना दूध नव्हतं. सुकडी मिळायला लागली, पाऊस पडला, मग हळूहळू सुरू झालं. आम्हाला वाटायचं उन्हानं झालं." थोडा वेळ थांबून त्यांनी सुनेला विचारले, "सकाळी डब्यात काय नेतेस गं?"

ती काहीच नेत नाही हे त्यांना त्या दिवशी कळले. आता दोन भाकरी आणि डाळ किंवा उसळ जाते. रात्री दोघी बरोबर जेवायला बसतात. नवऱ्याला गोदामात तात्पुरते काम लागले आहे, भाडे अजून एका महिन्याचे बाकी आहे. पाळी आलेली नाही. वजन दीड किलोने वाढले. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे आणि त्या दिवशी नवराही स्वतःच्या तपासणीसाठी बरोबर येतो म्हणाला आहे.